सहा फुटांचं स्थलांतर

टेबल हलवायचं होतं ते फक्त सहा फूट. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. वाटेत अडथळा म्हणावा तर एक खुर्ची आणि एक पायपुसणं. दुसऱ्या कोणी हे काम दुपारच्या चहाआधी उरकलं असतं आणि चहा पिता पिता विसरूनही गेला असता. पण ते आलं रेकॉर्डकीपरांच्या हाती. एका मोठ्या कचेरीचं दप्तर एकतीस वर्षं सांभाळून ते आदल्या वर्षी निवृत्त झाले होते. तरी इमारतीत सगळे त्यांना अजून रेकॉर्डकीपरच म्हणत, आणि त्यांना ते आवडत असे. ज्या माणसाने एकही कागद नोंद केल्याशिवाय या खोलीतून त्या खोलीत जाऊ दिला नव्हता, तो अख्खं टेबल असंच सरकू देईल हे शक्य नव्हतं.

सुरुवात एका पत्राने झाली. पत्र इमारतीच्या कमिटीचं होतं. खाली सेक्रेटरींची सही आणि वर विषय, 'सामायिक भिंतीलगतच्या आवाजाबाबत'. भिंतीपलीकडे एक वायरमन राहत होता. तो रात्रपाळी करून सकाळी झोपायचा, आणि त्याचा डोळा लागला की अलीकडे ठोक्या सुरू व्हायचा. सात दिवसांत यंत्र दुसऱ्या भिंतीकडे न्यावं असं कमिटीने कळवलं होतं. पत्राची भाषा रेकॉर्डकीपरांना पसंत पडली. त्यांनी वर तारीख घालून, उजव्या कोपऱ्यात आवक क्रमांक टाकून ते फाइलला लावलं.

ठोक्या म्हणजे ब्रेल छापणारं यंत्र. जाड कागदावर ते ठिपके ठोकायचं, म्हणून घरात त्याचं नाव ठोक्या. पत्र्यावर कोणी मुठी भरभरून वाटाणे फेकावेत तसा त्याचा आवाज. रेकॉर्डकीपरांची बायको चौदा वर्षं त्यावर अंधशाळेसाठी पुस्तकं छापत होती. तिची मोठी बहीण, ताई, त्या शाळेत शिकवायच्या आणि स्वतः लहानपणापासून अंध होत्या. ठोक्या चालायचा तो एका जुन्या, पिवळट पडलेल्या कम्प्युटरवर. ठोक्याचा प्लग पंचवीस पिनांचा, तळहाताएवढा रुंद. नव्या कम्प्युटरला तसला प्लग बसायला जागाच नसते. आणि तो जुना कम्प्युटर ठोक्याशिवाय दुसऱ्या कशाच्या उपयोगाचा नव्हता. दोघांपैकी एक जरी गेला असता तरी दोघंही भंगारात गेले असते.

आता नेमका हाच आठवडा का, हे सांगायला हवं. सोमवारी शाळेत परीक्षा होती. अकरा मुलं होती वर्गात. आजवर या मुलांना प्रश्नपत्रिका कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवायचं. प्रश्न पुन्हा ऐकायचा तर हात वर करायचा. दोनदा हात वर केला की तिसऱ्यांदा मुलांना लाज वाटायची, मग जेवढं आठवलं त्याचंच उत्तर लिहायची. मुलांनी आपली प्रश्नपत्रिका आपल्या बोटांनी वाचावी म्हणून ताई दोन वर्षं मुख्याध्यापकांशी भांडत होत्या. यंदा ते कसेबसे कबूल झाले, पण अट घालून. अकरा प्रती शनिवारी बारा वाजेपर्यंत सीलबंद त्यांच्या हातात पडल्या पाहिजेत. नाही पडल्या तर नेहमीसारखं वाचून दाखवायचं, आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही.

प्रश्नपत्रिका कम्प्युटरमध्ये तयार होती. ताईंनी कच्ची प्रत बोटांनी तपासून दिली होती, फक्त छापायचं बाकी होतं. तेवढ्यात बायकोच्या मावशीचं गुडघ्याचं ऑपरेशन आलं. गुरुवारी सकाळी निघताना बायको दारात थांबून म्हणाली, "उद्या संध्याकाळी येते. शनिवारी सकाळी छापू. टेबल रविवारी हलवू. तोवर कशाला हात लावू नका."

रेकॉर्डकीपर 'हो' म्हणाले. पण कचेरीत पत्राची पोच देतात तसलं ते 'हो' होतं, अंमलबजावणीचं नव्हतं.

खरं सांगायचं तर त्यांना वर्षभर एक बोच होती. बायको सकाळी नऊला टेबलाशी बसायची आणि तिचे हात चालू लागायचे. ते मात्र पेपर तीनदा वाचायचे, कुंड्यांना पाणी घालायचे, घातलेलं पाणी जिरलं का ते बघायचे. एकतीस वर्षं लोक त्यांच्यासाठी दाराबाहेर थांबले होते, आता कोणी थांबत नव्हतं. घरात एक तरी गोष्ट आपल्या हातून नीट व्हावी, आणि बायकोने संध्याकाळी येऊन ती बघावी, एवढीच त्यांची इच्छा होती. या इच्छेपायी माणूस काय काय करतो ते पुढे येईलच.

त्यांनी सगळं रीतसर केलं. कम्प्युटरबरोबर आलेलं माहितीपुस्तक त्यांच्या फाइलीत होतं. त्यातलं 'जोडणे व काढणे' हे पान त्यांनी दोनदा वाचलं. कुठलीही वायर काढण्याआधी किंवा लावण्याआधी यंत्र बंद करावं. भिंतीवरचं बटणही बंद करावं. वायरीला धरून ओढू नये, प्लगच्या डोक्याला धरावं. स्क्रू असतील तर ते हाताने सोडवावेत. प्लग जात नसेल तर जोर लावू नये. हे पान ज्याने लिहिलं तो माणूस कचेरीत शोभला असता, असं त्यांना मनापासून वाटलं.

मग त्यांनी नोंदवही केली. आणि ती केली त्याच कम्प्युटरवर, कारण हाताने लिहिलेल्या यादीला ते टिपण म्हणत, नोंदवही म्हणत नसत. अनुक्रमांक, वस्तूचं वर्णन, कुठून कुठे आणि शेरा, असे चार रकाने. हे टाइप करायला त्यांना दोन तास लागले. कीबोर्डवरची जवळजवळ सगळी अक्षरं चौदा वर्षांत पुसली गेली होती. एक कळ दाबायची, पडद्यावर काय उमटलं ते बघायचं, चुकलं असेल तर खोडायचं आणि शेजारची दाबायची. बायको या कोऱ्या कळांवर न बघता लिहिते हे त्यांनी रोज पाहिलं होतं, पण ते कसं असतं हे त्या दिवशी कळलं. शेऱ्याचा रकाना मोकळा सोडायची त्यांना सवय नव्हती, म्हणून प्रत्येक नोंदीपुढे त्यांनी शेरा लिहिला. शेवटी, कुठल्याही नोंदवहीच्या शेवटी असतो तसा, एक सर्वसाधारण शेरा लिहिला. तो लिहिण्याआधी मात्र ते बराच वेळ नुसते बसून होते.

लेबलं त्यांनी कात्रीने एका मापाची कापली. नऊ वायरी, नऊ लेबलं. प्रत्येकावर फक्त क्रमांक. लेबलावर कधी मजकूर लिहायचा नसतो. लेबलावर क्रमांक असतो आणि मजकूर नोंदवहीत, म्हणजे भलत्या माणसाच्या हाती कागद लागला तरी त्याला काही कळत नाही. हे तत्त्व त्यांनी एकतीस वर्षांत चार साहेबांना पटवून दिलं होतं. एक ते नऊ लेबलं चिकटवून झाल्यावर त्यांनी यंत्र रीतसर बंद केलं आणि पंखा थांबेपर्यंत वाट पाहिली. भिंतीवरचं बटण बंद केलं. स्क्रू हाताने सोडवले. एकेक प्लग डोक्याला धरून हलकेच काढला. टेबल ओढून पलीकडच्या, जिन्याच्या भिंतीला लावलं. एक ओरखडा नाही की एक वायर पिळली नाही. त्यांनी हात धुतले, चहा केला, आणि नव्या जागेकडे बघत ते तो बशीने प्यायले.

चहा संपल्यावर जोडायला बसायचं म्हणून त्यांनी चष्मा लावला आणि नोंदवही उघडायला हात पुढे केला. हात तसाच राहिला. नोंदवही कम्प्युटरमध्ये होती.

पुढची दहा मिनिटं त्यांनी जमिनीवर पडलेल्या वायरींवरचे आकडे वाचले. तीन, सात, एक, पाच. इतकी शिस्तीची लेबलं त्यांनी स्वतः सोडून कोणी लावली नसती, आणि ती आता त्यांना काडीचंही सांगत नव्हती. भलत्या माणसाच्या हाती लागली तरी कळू नयेत म्हणून केलेली ती लेबलं होती, आणि भलता माणूस तेच ठरले होते.

तरी ते डगमगले नाहीत. बऱ्याच वायरी आपापल्या आकारानेच सांगत होत्या. रुंद पंचवीस पिनांचा प्लग ठोक्याचा, तो त्यांनी जागी बसवून स्क्रू आवळले. निळा प्लग मॉनिटरचा, तोही बसला. शेवटी उरले दोन गोल प्लग, एक कीबोर्डचा आणि एक माउसचा. मागे गोल भोकं दोन, शेजारी शेजारी, अगदी सारखी. त्यांच्यावरची चित्रं कधीच पुसली गेली होती. ही दोन भोकं बघत ते गुडघ्यांवर बसले असताना दार वाजलं.

दारात वायरमन होता, डोळे तांबारलेले. आज आवाजच नाही म्हणून झोप उडाली, काही बरंवाईट तर नाही ना, असं विचारायला तो आला होता. सगळा प्रकार ऐकून त्याला वाईटही वाटलं, कारण तक्रार त्याचीच होती. शिवाय विषय वायरींचा होता. त्याने बाह्या सरसावल्या आणि सांगितलं की आधी यंत्र चालू करा, मग एकेक भोकात घालून बघू, ज्यात चालेल ते खरं. रेकॉर्डकीपरांनी माहितीपुस्तकाचं पान त्याच्यापुढे धरलं. आधी बंद, मग हात. वायरमनने पान न वाचताच बाजूला सारलं.

"साहेब, आम्ही चालू लायनीवर काम करणारी माणसं," तो म्हणाला. "तुमचं सगळं कागदावर. आमचं हातात."

हे तो चेष्टेने म्हणाला, पण रेकॉर्डकीपरांना ते लागलं. निवृत्तीनंतर त्यांच्या कागदाला कोणी असं बाजूला सारलं नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं. त्यांना ठाम 'नाही' म्हणता आलं असतं. ते म्हणाले नाहीत. समोरचा हसला म्हणून त्यांनी नियम सोडला, एकतीस वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी स्वतःच्या हाताने बटण दाबलं.

वायरमनने टेबलाच्या मागे हात घालून, न बघता, कीबोर्डचा गोल प्लग एका भोकात सरकवला. जाईना. त्याने थोडा फिरवला. जाईना. मग त्याने चालू लायनीवरच्या माणसाचा जोर लावला. आत काहीतरी बारीक मोडल्यासारखा आवाज आला आणि पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटली. रेकॉर्डकीपरांनी ती सावकाश वाचून वायरमनला मराठीत समजावली. कीबोर्ड सापडत नाही, पुढे जायचं असल्यास कीबोर्डवरची कळ दाबा, असं यंत्राचं म्हणणं होतं. वायरमन हसला. रेकॉर्डकीपर हसले नाहीत. मूळ दाखला हरवल्याचा अर्ज मूळ दाखल्यासह सादर करावा, अशी पत्रं त्यांनी स्वतः कित्येकांना धाडली होती. ती मिळाल्यावर लोकांना काय वाटत असेल ते त्यांना आत्ता कळलं.

प्लग काढून पाहिला तर आतली एक पिन आडवी झाली होती. आतला फ्यूजही गेला असेल कदाचित, चालू यंत्रात घातलं ना, असं वायरमनने जाता जाता सांगितलं, आणि तो झोपायला गेला. त्यानंतर वरच्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाई डोकावल्या. मशीनमध्ये धूळ असते, दोन फुंकरा मारल्या की होतं, असं म्हणून त्यांनी मारूनही दाखवल्या. धूळ रेकॉर्डकीपरांच्या चष्म्यावर बसली.

शुक्रवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी ते कम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाबाहेर उभे होते. टोकन क्रमांक एक. काउंटरवरच्या माणसाने खरेदीची पावती मागितली, मिळणार नाही या खात्रीने. रेकॉर्डकीपरांनी फाइलीतून मूळ पावती काढली, तिला टाचलेलं हमीपत्र, आणि त्याला टाचलेलं खोक्यावरचं लेबल. काउंटरवाल्याने ती पावती आतल्या दोघांना बोलावून दाखवली. दुकानाचं जुनं नाव बघून ते हरखले. त्यांच्यातला एक तर तेव्हा शाळेतही जात नव्हता. मग काउंटरवाला म्हणाला की गोल प्लगचे कीबोर्ड आता ठेवत नाहीत, मागवावे लागतील, आठवडा लागेल. फ्यूज गेलाय का ते बघायचं तर अख्खं मशीन इथे सोडा, कामाचे आठ दिवस, आणि या फॉर्मवर सही करा.

फॉर्मवर खाली बारीक अक्षरांत छापलं होतं की यंत्रातील माहिती नष्ट झाल्यास त्यास आम्ही जबाबदार राहणार नाही. अशी वाक्यं रेकॉर्डकीपरांनी पुष्कळ लिहिली होती, पण त्यांच्या खालच्या बाजूला ते कधी उभे राहिले नव्हते. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, पावती फाइलीत ठेवली आणि घरी परतले. रस्ताभर त्यांच्या डोळ्यांपुढे तिसऱ्यांदा हात वर करू न शकलेलं एक मूल होतं. इमारतीत शिरल्यावर त्यांची पायरी चुकली आणि ते जिन्यात खाली बसले. त्यांना भीती वाटत होती. ताईंची नाही, बायकोचीही नाही. आपण कोणाच्याच कामाचे उरलो नाही, ही भीती.

ताई त्यांना तिथेच भेटल्या. काखेत जाड कागदाचा गठ्ठा, हातात काठी. उद्यासाठी कागद द्यायला आल्या होत्या.

"जिन्यात का बसलात, जावईबापू?" त्यांनी विचारलं. ओळखलं कसं, असं त्यांना कोणी विचारत नसे, कारण मग त्या फार कंटाळून उत्तर द्यायच्या.

रेकॉर्डकीपरांनी सगळं सांगितलं. आधी कचेरीच्या भाषेत सुरुवात केली, की काही अपरिहार्य कारणास्तव वगैरे. तिसऱ्या वाक्याला ती भाषा संपली आणि त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं की माझ्या हातून चूक झाली, आणि उद्या बारापर्यंत काही होईल असं वाटत नाही. ताई ऐकून घेत होत्या. त्यांचा चेहरा ओढला गेला. दोन वर्षांचं भांडण त्यांच्या डोळ्यांत नसलं तरी तोंडावर होतं. पण त्या एवढंच म्हणाल्या, "यंत्र आत्ता चालू आहे का बंद?"

बंद होतं. भिंतीवरचं बटणही बंद होतं. एवढं मात्र त्यांनी केलं होतं.

वर येऊन ताई टेबलाशी जमिनीवर बसल्या आणि हात पुढे केला. रेकॉर्डकीपरांनी कीबोर्डचा प्लग त्या हातात ठेवला. ताईंनी नखाने आत चाचपलं. एकदा, पुन्हा एकदा. मग त्यांच्या कपाळावरची आठी थोडी सैल झाली.

"सहाच आहेत की. दोन, दोन आणि दोन," त्या म्हणाल्या. ब्रेलचं अक्षरही सहा ठिपक्यांचंच, तीन ओळींत दोन-दोन. "जरा वाकड्यातिकड्या आहेत, पण माझ्याच घरातल्या. एक झोपलीय. मोडलेली नाही, नुसती झोपलीय. हिला उभी करायला बारीक पोकळ नळी पाहिजे."

पोकळ नळी या शब्दावर रेकॉर्डकीपर उठले. कचेरीत रिकामी रिफिल जमा केल्याशिवाय नवी मिळत नसे, आणि ही सवय त्यांनी घरीही चालू ठेवली होती. एका डब्यात त्यांच्या एकतीस वर्षांच्या रिकाम्या रिफिली, निबं काढून, रबराने बांधून ठेवलेल्या होत्या. बायको दर साफसफाईला तो डबा फेकायला निघायची आणि ते तो परत आणायचे. आज पहिल्यांदा त्या डब्याची कोणाला तरी गरज पडली. सगळ्यात बारीक रिफिल निवडून त्यांनी ती आडव्या पिनेवर हलकेच चढवली. ताई एका बोटाने प्लगची कड धरून सांगत राहिल्या, जरा डावीकडे, आता सरळ, आता पुरे, आता सोडा. पिन उभी राहिली. ताईंनी सहाही ठिपके पुन्हा वाचले आणि मान हलवली.

आता प्रश्न दोन भोकांचा. रेकॉर्डकीपरांचा हात पुढे जाईना. हे का ते, ते का हे. पुन्हा चुकलं तर?

"दोनच जागा आहेत," ताई म्हणाल्या. "एकात चुकेल. चुकू द्या. बंद करून चुकलं तर नुसतं चुकतं. चालू ठेवून चुकलं की नुकसान होतं."

एकतीस वर्षांत त्यांना असं कोणी सांगितलं नव्हतं, की चुकायलाही रीतसर जागा असते. त्यांनी प्लगची खूण भोकाच्या खाचेशी जुळवली आणि जोर न लावता सरकवला. तो सहज गेला. बटण दाबलं. पडद्यावर पुन्हा तीच ओळ आली, कीबोर्ड सापडत नाही. दुसऱ्या भोकातही हीच ओळ आली, तर फ्यूजचीच शंका उरत होती. पण त्यांनी यंत्र बंद केलं, भिंतीवरचं बटणही बंद केलं, पंखा थांबू दिला, दोन्ही प्लग काढून एकमेकांच्या जागी लावले आणि पुन्हा चालू केलं. यंत्राने एकदाच टूं केलं. ते ताईंनी ऐकलं. कीबोर्डवरचे तीन दिवे एकदम लागून विझले. ते रेकॉर्डकीपरांनी पाहिलं. रेकॉर्डकीपरांनी चष्मा काढून पुसला, आणि तो नुसता धुळीमुळे नाही.

प्रश्नपत्रिका लावण्याआधी चाचणी म्हणून दुसरं काहीतरी एक पान छापा, असं ताईंनी सांगितलं. हाताशी होती ती नोंदवही. ती छापायला दिल्यावर रेकॉर्डकीपरांच्या लक्षात आलं की काल ती कागदावर काढली असती तरी काही उपयोग नव्हता. या कम्प्युटरला छापता यायचं ते फक्त ठिपक्यांत. ठोक्याने वाटाणे फेकायला सुरुवात केली आणि एक पान बाहेर आलं. ताईंनी त्यावर बोटं फिरवली. वरून खाली, सावकाश, शेवटच्या ओळीपर्यंत. तिथे बोटं थांबली.

"ठिपके नीट उठलेत," त्या म्हणाल्या आणि ते पान घडी न घालता आपल्या पिशवीत ठेवलं.

संध्याकाळी बायको आली तेव्हा टेबल भलत्या भिंतीशी होतं, ठोक्या चालू होता, बहीण प्रती लावत होती आणि नवरा जमिनीवर बसून पानं मोजत होता. तिने दाराशीच विचारलं, "प्रश्नपत्रिका?" ताईंनी सांगितलं, नऊ झाल्या, दोन राहिल्या. मग रेकॉर्डकीपरांनी उठून सगळी हकीकत सांगितली, काही न वगळता. वायरमन हसला म्हणून नियम सोडला हेसुद्धा सांगितलं. बायको ऐकत राहिली. रागावली नाही असं नाही. तिने वायरींवरचे आकडे पाहिले, कपाळाला हात लावला आणि म्हणाली की नशीब माझ्या कपाळावर नंबर चिकटवला नाहीत. पण नंतर ती चहा टाकायला गेली तेव्हा रिफिलींचा डबा उचलून कपाटात वर ठेवताना त्यांनी तिला पाहिलं.

शनिवारी पावणेबाराला सीलबंद पाकीट मुख्याध्यापकांच्या हातात पडलं. रेकॉर्डकीपरांनी त्याची पोच घेतली, तारीख आणि वेळेसकट.

सोमवारी संध्याकाळी ताई आल्या त्या हसत. वर्गात इतकी शांतता त्यांनी कधी ऐकली नव्हती, अकरा जोड्या हातांची नुसती सरसर. आणि अर्ध्या तासाने एका मुलीने हात वर केला. प्रश्न पुन्हा वाचा, असं तिला म्हणायचं नव्हतं. चौथ्या प्रश्नात एक ठिपका कमी आहे, असं तिचं म्हणणं होतं, आणि खरंच कमी होता. ऐकलेल्या प्रश्नपत्रिकेतली चूक आजवर एकाही मुलाने काढली नव्हती. मुख्याध्यापक जागचे उठून आले, त्या मुलीकडून आपलं बोट त्या जागेवर ठेवून घेतलं आणि पुढच्या परीक्षेच्या प्रती कधी मिळतील ते विचारलं. बायकोला ताईंच्या दुरुस्त्या घालताना आपल्या हातून ठिपका राहिल्याचा इतका आनंद याआधी कधी झाला नव्हता.

मग ताईंनी पिशवीतून ते एक पान काढलं. "हे मला तुला वाचून दाखवायचंय," त्या बहिणीला म्हणाल्या. रेकॉर्डकीपरांनी ओळखलं आणि ते उठू लागले. ताईंनी काठी त्यांच्या वाटेत आडवी धरली.

"अनुक्रमांक एक," त्या वाचू लागल्या. "मॉनिटरची वायर. शेरा, दोन स्क्रू, पैकी एक सैल, पूर्वीपासून. अनुक्रमांक दोन. कळफलक. शेरा, अक्षरे पुसली आहेत. वापरणारीस ती लागत नाहीत. बदलू नये." अशा नऊ नोंदी झाल्या. मग बोट शेवटच्या ओळीवर आलं. "सर्वसाधारण शेरा. सदर यंत्र पत्नीने चौदा वर्षे एकटीने सांभाळले आहे. या काळात पतीने तिला त्यावर काय चालले आहे, असे एकदाही विचारलेले नाही. नोंद व्हावी."

रेकॉर्डकीपर आपल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघत होते. हे त्यांनी लिहिलं होतं ते नोंद म्हणून. नोंद कोणी वाचेल ही कल्पना त्यांना नव्हती. एकतीस वर्षांत त्यांच्या नोंदी क्वचितच कोणी वाचल्या होत्या.

बायको उठली. तिने टेबलाजवळ जाऊन दिवा लावला आणि खुर्ची ओढली.

"सातवी नोंद चुकलीय," ती म्हणाली. आवाज नेहमीचा ठेवायचा तिने प्रयत्न केला, तो जमला नाही. "तो स्पीकर डावीकडचा आहे." मग कोपऱ्यातली दुसरी खुर्ची तिने स्वतःच्या खुर्चीशेजारी आणून ठेवली. "आणि विचारायचंच असेल, तर अजून विचारता येतं."

रेकॉर्डकीपरांनी घसा खाकरला. साहेबांच्या खोलीत आत येऊ का विचारताना होत असे, तसा त्यांचा आवाज झाला.

"काय चाललंय?"

"सहावीचं भूगोलाचं पुस्तक. नदीचा धडा आलाय," बायको म्हणाली. "बसा."

ते बसले. ठोक्या सुरू झाला. भिंतीपलीकडे जिन्यात कमिटीचा फलक होता, आणि ठोक्याच्या हादऱ्यांनी त्यावरच्या नोटिशींच्या टाचण्या एकेक करून खाली पडू लागल्या.